दुसऱ्या मोगरीचा माणूस

बामाकोतल्या नियारेला वस्तीच्या मागच्या गल्लीत, गटार नदीकडे वळतं त्या कोपऱ्यावर, पत्र्याच्या छपराखाली लासिने कारबेंताची जागा होती. जागा म्हणजे काय, तर एक वापरून गुळगुळीत झालेला ओंडका, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बसकी स्टुलं आणि ओंडक्यावर घडी घातलेलं कापड. एका स्टुलावर लासिने बसे, समोर बुरेमा तेम्बेली. दोघांच्या हातांत तान्ह्या पोराएवढ्या जड लाकडी मोगऱ्या. एकाची वर गेली की दुसऱ्याची खाली. छपराखाली असे आणखीही ओंडके होते, पण गल्लीतली माणसं डोळे मिटूनही सांगत, हा ठोका लासिने-बुरेमाचा. त्यांच्या दोन ठोक्यांमध्ये फट नसे.

रंगवणाऱ्या बायका नक्षीचं जाड सुती कापड रंगवून, खळ देऊन, वाळवून इथे पाठवत. मग हे दोघं त्यावर मेण घासत आणि काचेसारखं चमकेपर्यंत बडवत. त्या कापडाचा पायघोळ झगा घालून कुणी लग्नाला निघालं की ते माणूस दिसायच्या आधी ऐकू येतं. नवा कागद चुरगळावा तसा आवाज. बामाकोत प्रतिष्ठा म्हणतात ती बरीचशी या आवाजातच असते. ती ज्यांच्या खांद्यांतून निघते त्यांच्या अंगावर मात्र फाटके गंजीफ्रॉक होते.

बडवता बडवता दोघांची तोंडं चालू असत.

"ए मासळ्या, जरा वारा सोडून बस. तुझ्या वासानं निळा रंग हिरवा पडायला लागला."

"पडू दे. कांदे खाऊन खाऊन तुझ्या डोळ्यांत कायमचं पाणी. तुला कुठला रंग दिसतोय?"

लासिने बोझो, नदीवरच्या मासेमारांतला. बुरेमा दोगों, कड्याखालच्या कांद्याच्या वाफ्यांमधला. या दोन जमातींत थट्टेचं नातं आहे, बापजाद्यांपासूनचं. म्हणतात की एका दुष्काळात बोझोनं स्वतःच्या मांडीचा तुकडा कापून, भाजून, उपाशी दोगोंला खाऊ घातला. तेव्हापासून दोघांनी एकमेकांना तोंडावर काहीही बोलावं, राग मात्र धरू नये. एकमेकांत लग्न करू नये. एकमेकांचं रक्त सांडू नये. आणि बोझोनं त्या मांडीची आठवण देऊन काही मागितलं, तर दोगोंनं नाही म्हणू नये. हे शेवटचं सहसा कुणी वापरत नाही. ते आहे, एवढंच पुरतं.

लासिने तरणाताठा असताना नदीकाठच्या मोप्तीकडून आला होता. नदीला वरून पाणी कमी यायला लागलं, जाळ्यात बोटाएवढी पिल्लं यायला लागली, आणि एका हंगामात बापानं होडी विकली. बामाकोत त्याला कापड बडवणाऱ्या म्हाताऱ्या बाकोरेनं हाताशी धरलं. ओंडका बाकोरेचा. लासिनेच्या समोर कुणाला बसवायचं याचा त्यानं बराच विचार केला आणि नुकत्याच आलेल्या बुरेमाला बसवलं.

"दोन भाऊ समोरासमोर बसवले की कधी ना कधी मोगरी बोटावर पडते," तो म्हणाला होता. "घरातली कुरबुर हातात उतरते. थट्टेच्या नात्यातला माणूस बरा. त्याला राग येत नाही. राग नाही तर ठोका चुकत नाही."

म्हाताऱ्याचं खरं ठरलं. बाकोरे गेला, ओंडका या दोघांकडे आला, दोघांची लग्नं झाली, पोरं झाली, दाढीत पांढरं आलं, पण ठोका चुकला नाही. फक्त एक गोष्ट बाकोरेनं सांगितली नव्हती. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. इतक्या वर्षांत ही दोन माणसं एकमेकांशी एकही सरळ वाक्य बोलली नव्हती. बुरेमाची आई वारली तेव्हा लासिने त्याच्या दारात जाऊन म्हणाला होता, "गेली का? आता गावच्या कांद्यांना रडवणार कोण?" बुरेमा भर शोकात हसला आणि हसता हसता रडला. तेच त्यांचं सांत्वन. त्याहून जास्त काही लागतं असं दोघांपैकी कुणालाही कधी वाटलं नाही.

मग यंत्र आलं.

आणलं ते व्यापारी हाजी सुमायलानं, पण त्यात आसितान साकोचीही भागी होती. आसितान म्हणजे रंगाच्या हौदांची मालकीण, कोपरापर्यंत कायमची निळी झालेली जाडजूड बाई. लासिनेकडे येणारं निम्मं कापड तिचंच. बँकेनं यंत्र स्वतः विकत घेतलं आणि ठरलेला नफा लावून या दोघांना हप्त्यानं दिलं; व्याजाचा संबंध नाही, असं इमामांनीही सांगितलं होतं. सोतुबाच्या कारखान्यांच्या वस्तीत शेड उभी राहिली. उद्घाटनाला तंबू, खुर्च्या, भाषणं. देश पुढे चालला होता. एका भाषणात कापड बडवणाऱ्यांच्या कष्टांचाही उल्लेख झाला, आता ते संपतील असा.

आसितान दुसऱ्या दिवशी मुद्दाम छपराखाली आली. स्टूल ओढून बसली.

"तुमच्या पोटावर पाय देणार नाही रे मी," ती म्हणाली. "यंत्राची चमक पहिल्या धुण्यात जाते, मला काय ठाऊक नाही? पण लोकांना स्वस्त हवंय. चिनी कापड स्वस्त, त्यावर यंत्राची चमक स्वस्त. तो माल तिकडे. भारी माल तुमच्याकडेच."

"मावशी, यंत्राला मेहुणीची चेष्टा करता येते का?" बुरेमानं विचारलं.

"नाही बाबा."

"मग ते काय काम करणार!"

सगळे हसले. आसितानही हसली. पण त्या महिन्यात छपराखालचे दोन ओंडके रिकामे पडले, आणि पुढच्या महिन्यात आणखी एक. रिकाम्या ओंडक्यांवर कोंबड्या बसायला लागल्या.

एका दुपारी चहाचा दुसरा पेला फिरत होता. बुरेमानं पेला डाव्या हातात घेतला, उजवा मांडीवर ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ए मासळ्या, ऐक. मी चाललो यंत्रावर. दोन माणसं मागतायत. शुक्रवारपर्यंत सांगायचंय. तूही चल, नाहीतर ईदेपर्यंत इथे एकटाच ओंडक्याला मिठी मारून बसशील."

लासिनेनं तोंडातला चहा सांभाळला. "जा, जा! यंत्र तुझी बोटं खाईल. तेवढंच आमच्या आजोबांच्या मांडीचं वसूल होईल."

"बोटं कशाला, हात तर तू आधीच खाल्लायस. हा बघ, वर जात नाही."

"म्हणूनच चव नव्हती. कांद्याचा वास येत होता."

छप्पर हसण्यानं दणाणलं. बुरेमाही हसला. "मग काय सांगू त्यांना?" त्यानं विचारलं.

"सांग, लासिने साहेबांना खुर्ची लागते. आणि पंखा. आणि दुपारी भातावर शेंगदाण्याचं कालवण."

बुरेमानं मान हलवली, पेल्याच्या तळाशी उरलेला फेस मातीत ओतला आणि मोगरी उचलली. त्याचा पहिला ठोका जरा उशिरा पडला. लासिनेच्या ते लक्षात आलं, पण मनात राहिलं नाही.

त्याच आठवड्यात आसितानचा निरोप आला. डाकारच्या एका व्यापारीण बाईनं बकरी ईदेसाठी भारी कापडाचे गठ्ठे मागवले होते, सगळे हातानं बडवलेलेच हवेत. तिथल्या मोठ्या घरांतल्या बायका बोटांनी कापड तपासतात आणि यंत्राची चमक ओळखतात. हे काम नीट झालं तर ती बाई कायमची बांधली जाणार होती. मग यंत्रं कितीही आली तरी लासिनेचा ओंडका राहिला असता. आसितान त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली, "दुसऱ्या कुणाला देत नाही. तुमचा ठोका मला माहीत आहे. दोघं आहात ना?"

"दोघं आहोत," लासिने म्हणाला. "तो कांदेखाऊ कुठे जातोय?"

शनिवारी बुरेमा आला नाही. लासिनेला वाटलं, तापबिप असेल. सोमवारी गठ्ठे आले. हळदी, गर्द जांभळे, कोलाच्या फळाचे तांबूस तपकिरी. लासिने त्यांच्याकडे बघत बसून राहिला. एका मोगरीनं कापड बडवता येत नाही. एका बाजूनं मारलं की ते सरकतं, चमक पट्ट्यापट्ट्यांची येते. त्यानं तरीही थोडं मारून पाहिलं. ठक्. मग काहीच नाही. पुन्हा ठक्. शेजारच्या ओंडक्यावरच्यांनी माना खाली घातल्या. त्यांना ठाऊक होतं. सगळ्या छपराला ठाऊक होतं.

तो एकाच्या मोटरसायकलवर मागे बसून सोतुबाला गेला.

शेडमध्ये यंत्र एखाद्या झोपलेल्या म्हशीसारखं पसरलं होतं आणि त्याच्या पोटातून सतत एकच आवाज येत होता. बुरेमा तोंडाशी उभा राहून कापड गरम रुळांत सारत होता. डोक्यावर निळी टोपी.

"काय रे कांदेखाऊ, टोपी घातली म्हणजे डोकं उगवत नाही."

बुरेमा सवयीनं हसला. मग त्यानं यंत्राची कळ दाबली. आवाज उतरत उतरत बंद झाला.

"मी तुला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"कधी?"

"चहाला. सगळ्यांसमोर. शुक्रवारपर्यंत थांबलोसुद्धा."

"अरे, ती थट्टा होती!"

"मग दुसरं कसं सांगायचं? आपण दुसरं काय बोललोय कधी?" बुरेमानं डाव्या हातानं उजवा खांदा धरला. "हा गेलाय. मागच्या थंडीपासून. नमाजाला हात कानापर्यंत नेताना तोंडातून आवाज निघतो. तेही तुला सांगितलं होतं."

लासिनेला ते आठवलं. चव नव्हती, असं तो म्हणाला होता.

त्यानं तेव्हाच परत फिरायला हवं होतं, हे त्याला पुढे कितीदा तरी वाटलं. पण डोळ्यांसमोर गठ्ठे होते, आसितानची ती रोखलेली नजर होती, आणि कोंबड्या बसलेले ओंडके होते. समोर खांदा दिसत होता, तो कसा खाली उतरलाय तेही दिसत होतं. तरी तो बोलला.

"सणापर्यंत ये. मांडीच्या नावानं मागतो."

शेडमधली दोघं-तिघं काम थांबवून बघायला लागली. हे शब्द त्यांनी आज्यांच्या तोंडी ऐकले होते, प्रत्यक्ष कुणी कुणाकडे मागताना पाहिलं नव्हतं. बुरेमाचा चेहरा आधी कोरा झाला, मग म्हातारा झाला. त्यानं टोपी काढली, घडी केली आणि यंत्रावर ठेवली.

"बरं," तो म्हणाला.

रात्री जेवताना लासिनेनं बायकोला सांगितलं, बुरेमा येतोय. कादियानं ताटातला मासा निवडून पोरांपुढे सरकवला. "येतोय की आणतोयस?" तिनं विचारलं.

बुरेमा आला. रोज वेळेवर आला, स्टुलावर बसला, मोगरी उचलली. पण आपणहून तोंड उघडलं नाही. लासिने म्हणायचा, "ए कांदेखाऊ, आज तुझ्या घामाला फोडणीचा वास येतोय." बुरेमा म्हणायचा, "हो." लासिने म्हणायचा, "तुझ्या गावात देवानं पाणी दिलं नाही, तुम्ही आंघोळ करणार नाही हे त्याला ठाऊक होतं." बुरेमा म्हणायचा, "हो, खरंय." नोकर धन्याला देतो तशी ती उत्तरं होती. दोन-तीन दिवसांत लासिनेनं थट्टा करणं सोडलं. आता छपराखाली त्यांच्या ओंडक्यावर नुसता लाकडाचा आवाज होता, आणि त्या आवाजात दर वेळी दुसऱ्या ठोक्याच्या आधी एक लहानशी पोकळी असायची. लासिने त्या पोकळीची वाट बघायला लागला. तिच्यात बुरेमाचा श्वास ऐकू यायचा, दात आवळून धरलेला.

आसितान एकदा येऊन गेली. तिनं कापड उलटंपालटं करून उन्हात धरलं.

"ही बाजू ठीक आहे," ती म्हणाली. "ही कुणी बडवली?"

"मी," बुरेमा म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग लासिनेकडे. "पुन्हा मारा," एवढंच म्हणून ती गेली.

पुन्हा मारायला घेतलं ती हळदी रंगाची घडी होती. ऊन पत्र्यावर आलं होतं. लासिने डाव्या हातानं घडीची कड सरळ करत होता, नेहमी करायचा तशीच, दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात. इतक्या वर्षांत त्याला हात काढून घ्यायचा विचार करावा लागला नव्हता. हात आपोआप यायचा. बुरेमाची मोगरी वर गेली, वरच अडकल्यासारखी थांबली, आणि मग ठोक्यासारखी न पडता नुसती सुटली.

लासिनेच्या दोन बोटांवर पडली.

त्याला आधी काही कळलंच नाही. मग पिवळ्या कापडावर लाल पसरताना दिसलं. शेजारच्या मोगऱ्या एकेक करून थांबल्या. कुणीतरी हळूच अल्लाचं नाव घेतलं. दोगोंनं बोझोचं रक्त सांडलं होतं. छपराखाली कुणी असं कधी पाहिलं नव्हतं. आपल्या आयुष्यात पाहावं लागेल असंही कुणाला वाटलं नव्हतं.

लासिनेनं हात कापडाखाली ओढून घेतला. "रंग आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "कोलाचा रंग. त्या बायांनी धुतलेला नाही नीट. काय बघताय? रंग आहे!"

कुणी हललं नाही. बुरेमा उभा राहिला होता. त्याचा उजवा हात लोंबत होता. "मी मुद्दाम..." तो म्हणाला.

"रंग आहे म्हणतो ना!"

"लासिने." त्यानं पहिल्यांदा नाव घेतलं होतं. "लासिने, मला सोड."

तांबडं कापडातून झिरपत ओंडक्यावर उतरलं होतं. लासिनेनं ते अंगानं झाकायचा प्रयत्न केला. मग तो वेडेपणा त्याचा त्यालाच दिसला. तो उठला. अशा गोष्टी सोडायच्या तर चारचौघांत सोडाव्या लागतात. त्यानं छपराखालच्या सगळ्यांकडे बघत म्हटलं, "मागितलेलं मी परत घेतो. मांडीच्या नावानं आणलं होतं, मांडीच्या नावानं सोडतो. दोष माझा. हे तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं," दोघं-तिघं पुटपुटले.

बुरेमा गेला. जाताना त्याची मोगरी त्यानं ओंडक्याला टेकवून ठेवली, नेहमीसारखी, दांडा वर करून.

दवाखान्यातल्या माणसानं बोटांना फळ्या बांधल्या आणि सांगितलं, मधलं बोट सरळ होईल, अंगठ्याजवळचं होणार नाही. संध्याकाळी आसितान घरी आली. तिनं बांधलेला हात पाहिला, ओरडायला उघडलेलं तोंड मिटलं आणि खाटेच्या कडेवर बसली.

"त्या बाईला काय सांगू?"

"सांग, हातानं झालं तेवढं झालं. बाकीचं नाही होत."

"ती बोटांनी ओळखते रे."

"ओळखू दे."

"पुढचं काम मिळणार नाही तुला. मी तरी काय देणार? भारी माल कुठून आणू?"

"मी मागितलं का, मावशी?"

ती खाटेवरून उठली. मग म्हणाली, "उरलेले गठ्ठे उद्या सोतुबाला पाठवते. गाडी नाही. माणूस बघावा लागेल."

"मी नेतो."



त्यानं गठ्ठे हातगाडीवर बांधून घेतले आणि उरलेल्या हातानं व छातीनं गाडी ढकलत निघाला. गाडीवरच्या घड्यांना अजून आवाज नव्हता. त्या ओल्या चामड्यासारख्या मुक्या होत्या. रस्त्यात हिरव्या प्रवासी गाड्या हॉर्न वाजवत अंगावरून जात होत्या. ईदेचे मेंढे फुटपाथवर बांधलेले होते, त्यांच्या मालकांनी अंगाला मेंदी लावून ठेवलेले. लासिने सकाळभर चालला.

शेडमध्ये बुरेमानं त्याला दारातच पाहिलं. पुढे आला, गाडीचा दांडा धरला, गठ्ठे उतरवायला लागला. डाव्या हातानंच. दोघांनी मिळून एक उचलला तेव्हा दोघांचे मिळून दोनच हात कामाचे होते. बुरेमानं पट्टीकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"दुखतं?" त्यानं विचारलं.

"दुखतं. तुझं?"

"दुखतं."

शेवटचा गठ्ठा उतरल्यावर लासिने रिकामी हातगाडी धरून उभा राहिला. परत जायचं तर कुठे, हे त्याला कळत नव्हतं. ओंडका होता, पण समोरचं स्टूल रिकामं ठेवून त्यावर बसायचं म्हणजे काय करायचं?

"पलीकडे माणूस कमी आहे," बुरेमा म्हणाला. "कापड बाहेर येतं तिथे. नुसतं ओढून घडी करायची. एका हातानं जमेल. हाजीला मी सांगतो."

लासिने यंत्राला वळसा घालून पलीकडे गेला. मधोमध ते डोक्यापेक्षा उंच होतं. या टोकावरून त्या टोकाचं काही दिसत नव्हतं. बुरेमाची टोपीसुद्धा नाही. तो थोडा वाकला, रुळांच्या मधून बघता येतंय का ते पाहिलं. तिथे फक्त काळं लोखंड आणि त्यातून येणारा उष्ण वारा होता.

"सोडू का?" पलीकडून आवाज आला.

"सोड," लासिने म्हणाला.

यंत्र घरघरलं. त्याच्या आवाजात वरचा ठोका नव्हता, खालचा नव्हता, एक सलग घरघर होती. लासिने कानांनी काहीतरी शोधत उभा राहिला. मग फटीतून जांभळ्या कापडाची कड बाहेर आली, चमकत, आणि त्यानं उरलेल्या हातानं ती धरली. ती चटका बसण्याइतकी गरम होती. त्यानं सोडली नाही. ओढत राहिला.